आळस नव्हे, आजाराची उरलेली खूण

भास ओसरले, रात्रीची झोप परत आली, औषधेही नियमित चालू आहेत. तरीही तीन जिन्नस आणावयास पाठविलेला मुलगा एकच घेऊन परततो आणि हाती घेतलेले काम अर्ध्यावर सोडून स्वस्थ बसतो. मग घरातील वडीलधाऱ्यांच्या मुखी एकच शब्द येतो, ‘आळस’! वाचकहो, या एका शब्दाने किती अन्याय होतो, तेच आज सांगावयाचे आहे.

स्किझोफ्रेनिया, अर्थात छिन्नमनस्कता, या विकारात भास आणि संशय चटकन डोळ्यांत भरतात. परंतु लक्ष, स्मरण व कामाची आखणी या शक्तीही त्यात क्षीण होतात. भासांना आवर घालणाऱ्या औषधांचा या शक्तींना फारसा आधार मिळत नाही, आणि पुष्कळदा हेच उणेपण माणसाला नोकरी-संसारापासून दूर ठेवते.

निपाणीकडील एका माजी विद्यार्थ्याचे वडील मला म्हणाले, “सर, गोळ्यांनीच पोरगा सुस्त झालाय. बंद करू का?” गोळ्यांनी सुस्ती येऊ शकते, हे खरे; पण ते डॉक्टरांना सांगावे, मात्रा त्यांनीच बदलावी. आपण होऊन औषध थांबविल्यास आजार उलटण्याचा धोका फार मोठा.

उरलेल्या उणिवेवर उपाय आहे तो बोधनक्षमतेच्या प्रशिक्षणाचा, म्हणजे सोप्याकडून कठिणाकडे नेणाऱ्या नित्य सरावाचा. आम्हां शिक्षकांना ही रीत परकी नाही. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत आजाराच्या आरंभीच्या अवस्थेतील ४५ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील काहींकडून असा सराव घरच्या माणसाच्या साहाय्याने घरीच करवून घेतला होता. अभ्यास लहान, तरी सराव करणाऱ्यांच्या काही बौद्धिक क्षमतांत सुधारणा आढळली. त्याआधी २०११ मध्ये लंडनच्या टिल वाइक्स व सहकाऱ्यांनी ४० अभ्यास एकत्र तपासले होते. नुसत्या सरावापेक्षा त्याला प्रत्यक्ष कामाची जोड मिळाली, तर रोजच्या व्यवहारात अधिक लाभ होतो, असे त्यांना दिसले.

आपल्या सीमाभागात आणखी एक अडचण आहे, ती भाषेची. बेळगाव-निपाणीचे अनेक रुग्ण धारवाडच्या मानसिक आरोग्य संस्थेत जातात. धारवाड मुंबई इलाख्यात असताना, १८४५ मध्ये, तेथे मनोरुग्णालय सुरू झाले. आजची संस्था त्याचीच वारस. आपल्या मुलाने पाढे मराठीत पाठ केले असतील, तर शब्दांचा व स्मरणाचा सरावही मराठीत झाला पाहिजे. अन्यथा परक्या भाषेची अडखळण बुद्धीची अडखळण ठरावयाची. ही गोष्ट डॉक्टरांना निःसंकोच सांगावी.

घरी काय करावे? उपचार करणाऱ्यांना विचारून मिसळलेले धान्य वेगळे करण्यासारखे लक्षाचे काम द्यावे. प्रथम मूठभर, मग वाटीभर. बाजाराची यादी त्याच्याच हाताने लिहून घ्यावी. आधी दोन जिन्नस, जमल्यावर चार. एका वेळी एकच सूचना द्यावी. चुकले तर चारचौघांत बोलू नये. सल्ल्यासाठी १४४१६ हा ‘टेली मानस’चा विनामूल्य क्रमांक अहोरात्र चालू असतो व तेथे मराठीतही बोलता येते.

वर्गातील मागे पडलेल्या मुलाला आपण धडा पुन्हा समजावून देतो. घरातील या मुलालाही तेवढा हक्क आहे.