प्रतिज्ञेला कोर्टबंदीचे कुंपण नको

राष्ट्रगीत, झेंडा, प्रतिज्ञा यांवर कोर्टात वादच नको, तसा कायदाच करून टाका, असे म्हणणारी माणसे आता थोडीथोडकी राहिलेली नाहीत. ती शिकलेली आहेत, शाळेच्या व्यवस्थापन समितीवर आहेत, पंधरा ऑगस्टला पहाटे उठून मैदान झाडून घेणारी आहेत. त्यांच्या देशप्रेमाविषयी मला तिळमात्र शंका नाही. पण त्यांची मागणी देशाला घातक आहे आणि ती मुळापासून खोडली पाहिजे.

त्यांचा पहिला मुद्दा बहुमताचा. कोट्यवधी मुले रोज जे म्हणतात, ते एकट्यादुकट्याच्या अर्जावरून न्यायाधीशांनी का तपासावे? अमेरिकेत हाच सूर लागला होता. तिथल्या प्रतिज्ञेतील देवाच्या उल्लेखावर खटला झाला, तेव्हा 2004 साली आणि पुन्हा 2006 साली प्रतिनिधिगृहाने एक विधेयक मंजूर केले. प्रतिज्ञेविरुद्धचे दावे संघराज्याच्या न्यायालयांनी ऐकूच नयेत, असा त्याचा आशय होता. सिनेटमध्ये ते अडले आणि कायदा झाला नाही.

आपल्याकडे मात्र मजल पुढे गेली होती. 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने 31घ हे कलम आणले. देशविरोधी कृत्ये रोखण्याच्या नावाने संसदेने केलेला कायदा समतेच्या किंवा भाषणस्वातंत्र्याच्या हक्काशी विसंगत असला, तरी त्या कारणाने तो रद्द ठरणार नव्हता. केंद्रीय कायद्यांची घटनात्मक वैधता तपासण्याचे उच्च न्यायालयांचे अधिकारही काढून घेतले गेले. राष्ट्रध्वज आणि राष्ट्रगीत यांचा आदर सांगणारी मूलभूत कर्तव्ये घटनेत आली, तीही याच दुरुस्तीने. तेव्हा आणीबाणी होती आणि विरोधी पक्षांचे पुढारी गजाआड होते. 43 व्या दुरुस्तीने 31घ गेले, उच्च न्यायालयांचे अधिकार परत आले. कर्तव्ये मात्र आजही घटनेत आहेत. न्यायालयाचे दार उघडल्याने राष्ट्रगीताचा मान कणभरही घटला नाही. उलट, दार बंद होते तेव्हा देशविरोधी कोण हे ठरवणे सरकारच्याच हाती होते. बहुमताच्या भक्तांनी याचे उत्तर द्यावे.

नगरच्या माणसाला तर हे दुसऱ्याने सांगायची गरज नाही. ऑगस्ट 1942 मध्ये नेहरू, वल्लभभाई पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव अशा नेत्यांना भुईकोट किल्ल्यात आणून डांबले. त्यांच्यावर ना खटला, ना आरोपपत्र. ज्या नियमाखाली देशभर अशी स्थानबद्धता चालली होती, तो नियम केशव तळपदे यांच्या खटल्यात फेडरल कोर्टाने एप्रिल 1943 मध्ये बेकायदा ठरवला. सरकारने काय केले? काही दिवसांत वटहुकूम काढून नियम मागील तारखेपासून वैध करून घेतला. पुढे 1944 च्या वटहुकमात तर स्थानबद्धतेच्या हुकमाला कोणत्याही न्यायालयात आव्हान देता येणार नाही, असेच लिहून टाकले. कोर्टबंदीचे कलम कोणाच्या सोयीचे असते, ते इथे उघड दिसते. किल्ल्यातल्या त्या माणसांचे देशप्रेम ज्यांना मोलाचे वाटते, त्यांनी त्यांना कोंडणाऱ्यांचे हत्यार हाती घेऊ नये.

आता विरोधी बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा. 1951 मध्ये नेहरूंच्याच सरकारने नववे परिशिष्ट आणले आणि जमीनसुधारणेचे कायदे न्यायालयीन आव्हानापासून राखले. महाराष्ट्राचा 1961 चा कमाल जमीनधारणा कायदाही त्या परिशिष्टात गेला. त्याचा लाभ गरिबाला झाला ना, मग प्रतिज्ञेलाच ढाल का नको? प्रश्न रास्त आहे आणि याच जिल्ह्याच्या मातीतला आहे. कोपरगाव-श्रीरामपूर पट्ट्यात खासगी साखर कारखान्यांकडे हजारो एकर जमीन होती. गोदावरी शुगर मिल्सने त्या कायद्यावरचा वाद सर्वोच्च न्यायालयात नेला. 1975 च्या निकालात न्यायालयाने सांगितले की परिशिष्टाची ढाल नंतरच्या दुरुस्त्यांना आपोआप मिळत नाही. तरीही कायदा टिकवला. कारखान्यांच्या जमिनी शेती महामंडळाकडे गेल्या आणि ज्यांनी त्या मुळात खंडाने दिल्या होत्या, त्या खंडकरी शेतकऱ्यांच्या हाती जमीन पडायला 2012 साल उजाडले. कायद्याला ढाल होती, खंडकऱ्याला नव्हती. पिढ्यान् पिढ्या त्याने मोर्चे काढले, कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. शिवाय जमीनसुधारणेत बलदंड जमीनमालकासमोर भूमिहीन उभा होता. प्रतिज्ञेच्या प्रश्नात ढाल कोणाविरुद्ध धरायची? शाळेच्या रांगेतल्या पोराविरुद्ध?

अशी पोरे खरोखर कोर्टात गेली आहेत. केरळमध्ये 1985 साली तीन भावंडांना शाळेतून काढले. ती यहोवाच्या साक्षीदारांच्या पंथातली. राष्ट्रगीताला रोज ताठ उभी राहत, पण पंथाच्या श्रद्धेमुळे गात नसत. उच्च न्यायालयात ती हरली. ऑगस्ट 1986 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी यांनी निकाल दिला: आदराने उभे राहणे हा अवमान होत नाही, मुलांना परत शाळेत घ्या. कोर्टबंदीचा कायदा असता, तर त्या मुलांच्या बापाने कोणाचे दार ठोठवायचे होते?

न्यायाधीशही चुकतात, हा शेवटचा आक्षेप. चुकतात खरेच. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटगृहात राष्ट्रगीत सक्तीचे केले, ते मला पटले नव्हते. जानेवारी 2018 मध्ये त्याच न्यायालयाने सक्ती उठवली. दाद मागायला जागा होती, म्हणून चूक दुरुस्त झाली.

आणि प्रतिज्ञा इतकी कच्ची आहे का, की तिला कुंपण लागावे? पैडिमर्री वेंकट सुब्बाराव या कोषागार अधिकाऱ्याने ती 1962 मध्ये विशाखापट्टणमला तेलुगूत लिहिली. 1964 मध्ये बेंगळुरूला केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळाची बैठक झाली, अध्यक्षस्थानी एम. सी. छागला होते, मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश. तिथून ती देशभरच्या शाळांत गेली. आजही जिल्हा परिषदेच्या कोणत्याही शाळेत परिपाठाला जाऊन पाहा. पुढे उभी असलेली चौथीतली मुलगी उजवा हात पुढे धरून एकेक ओळ सांगते, मागची रांग ती उचलते, पहिलीतले एखादे पोर शब्द चुकवते आणि बाजूची मुलगी डोळे वटारून त्याला सावरते. यात कुठेही फौजदार नाही. बहुतेक ठिकाणी त्यापाठोपाठ संविधानाची उद्देशिकाही म्हटली जाते, आणि तिच्यात न्याय हा शब्द स्वातंत्र्याच्याही आधी येतो.

म्हणून माझे मागणे स्पष्ट आहे. प्रतिज्ञा परिपाठात राहावी, तिचा अर्थ शिक्षकांनी मुलांशी बोलून समजावावा, न म्हणणाऱ्याला आधी कारण विचारावे, आणि त्यानंतरही कोणाला अन्याय वाटला तर त्याला उच्च न्यायालयाची वाट मोकळी असावी. ती वाट बंद करणारे एखादे कलम उद्या कोणत्याही विधेयकात आले, तर आमच्या जिल्ह्याच्या खासदार-आमदारांनी पक्षाचा व्हिप काहीही असो, सभागृहात उभे राहून त्याला विरोध करावा.