आधी वायफाय बंद करून बघा

घरात नवा कॉम्प्युटर घ्यायचं चाललंय का? दुकानदार दोन गोष्टी हमखास सांगेल. टच स्क्रीन घ्या. आणि मोठी डिस्क कशाला, हल्ली सगळं क्लाउडवरच असतं. दोन्हीला लगेच मान डोलावू नका.

टच स्क्रीनचं थोडक्यात सांगतो. फोन हातात असतो, म्हणून तिथे बोट सोयीचं. टेबलावरच्या पडद्याला सारखा हात उचलून लावायचा, तर खांदा भरून येतो. शिवाय भजी खाल्लेल्या बोटांचे ठसे वेगळेच! २०१२ साली मायक्रोसॉफ्टने विंडोज ८ मध्ये टचच्या नादात स्टार्ट बटणच काढून टाकलं होतं. लोक इतके वैतागले, की पुढच्याच वर्षी ते परत आणावं लागलं. घरात कोणी चित्रं काढत असेल तर टच जरूर घ्या. नाहीतर ते पैसे मोठ्या डिस्कला लावा.

आता क्लाउड. तिथे ठेवलेली फाइल कंपनीच्या कॉम्प्युटरवर असते. जागा त्यांची, नियमही त्यांचे. गूगल फोटोजवर पूर्वी हवे तेवढे फोटो फुकट ठेवता यायचे. १ जून २०२१ पासून ते बंद झालं. आता मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी फुकट. ही जागा भरली, की नवे मेलही यायचे थांबतात. नेमकं मुलीच्या कॉलेज प्रवेशाचं पत्र अडकलं तर? आणि दोन वर्षं खातं वापरलंच नाही, तर गूगल ते पुसून टाकू शकतं. आजोबा गेल्यावर त्यांच्या खात्यातल्या फोटोंचं काय, हे सहसा कोणाच्या डोक्यातच येत नाही.

विंडोजचा लॅपटॉप असेल तर आजच एक करा. वायफाय बंद करा. मग पॅनकार्ड, सातबारा, लग्नाचे फोटो उघडून बघा. उघडले नाहीत, तर ते तुमच्या घरात नाहीतच. फाइलशेजारी निळा ढग दिसला, तर ती फक्त वनड्राइव्हवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर आहे. वायफाय चालू करून त्या फाइलवर राइट क्लिक करा आणि ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडा. हिरवी खूण येईपर्यंत थांबा.

खरा घोळ फोनवर होतो. जागा भरली म्हणून तुम्ही गूगल फोटोजमधून फोटो डिलीट करता. वर क्लाउडमध्ये आहेतच, हा भरवसा. पण तसं केलं की वरचेही जातात. बॅकअप झालेले फोटो ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतात, तेवढ्यात परत घ्या. फक्त फोनची जागा मोकळी करायची असेल, तर त्यासाठी ‘फ्री अप स्पेस’ आहे.

बाहेरून जोडायची हार्ड डिस्क घ्या. डिस्कही कधीतरी बिघडतेच, म्हणून शक्यतो दोन. एक कपाटात, दुसरी बहिणीकडे किंवा भावाकडे. २०१९ च्या पुरात सांगली-कोल्हापुरात किती घरांत पाणी शिरलं, आठवतंय ना? अशा वेळी क्लाउडही उपयोगी पडतो, हे कबूल केलं पाहिजे. तिसरी प्रत तिथे खुशाल ठेवा. एकुलती एक प्रत मात्र नको.

दिवाळीची साफसफाई निघाली, की दोन्ही डिस्क लावून नवे फोटो भरा. जुने उघडतात का, तेही बघा. काढताना आधी ‘इजेक्ट’ करा, मग वायर ओढा. डिस्कवर तारखेची चिठ्ठी चिकटवा. पासवर्ड ठेवलाच असेल, तर घरातल्या आणखी एकाला तो सांगून ठेवा.