फटीतून जाणाऱ्यांचा कायदा

मोटारींच्या दोन रांगा खोळंबल्या असता त्यांच्यामधल्या फटीतून मोटारसायकल पुढे काढणे हा गुन्हा समजावा की चालकाचा अधिकार, या प्रश्नावर अमेरिका, ऑस्ट्रेलिया, फ्रान्स आदी देशांत गेली दहा-बारा वर्षे रीतसर वाद झाला, कायदे झाले, काही ठिकाणी झालेले कायदे नाकारलेही गेले. पुण्याच्या किंवा ठाण्याच्या कुठल्याही चौकात दोन मिनिटे उभ्या राहिलेल्या कार्यकर्त्याला हे ऐकून हसू येईल. आपल्याकडे दुचाकी दुसऱ्या कशातून जाते? परंतु ज्या गोष्टीचे हसू येते तिच्यात पुष्कळदा विचार करण्याजोगे काही दडलेले असते. म्हणून हा वाद मुळात काय होता ते आधी पाहू.

कॅलिफोर्नियात असे जाणे कित्येक दशके ना संमत होते ना निषिद्ध. कायदा गप्प होता व पोलीस काणाडोळा करीत होते. २०१३ साली तेथील महामार्ग पोलिसांनी या विषयावर काही सूचना प्रसिद्ध केल्या. लगेच आक्षेप आला की, विधिमंडळाने अधिकार दिलेला नसताना पोलीस खाते नियम कसे करते? २०१४ मध्ये त्या सूचना मागे घ्याव्या लागल्या. (आपल्याकडे पोलीस आयुक्तांच्या एका अधिसूचनेने रस्तेच्या रस्ते बंद होतात, तेव्हा हा आक्षेप फार सूक्ष्म वाटेल, पण लोकशाहीची सवय अशाच सूक्ष्म आक्षेपांतून लागते.) पुढे बिल क्वर्क या डेमोक्रॅट व टॉम लॅकी या रिपब्लिकन सदस्यांनी मिळून विधेयक आणले. त्याच्या एका मसुद्यात वेगाची मर्यादा आकड्यांत होती: दुचाकीने शेजारच्या वाहनांहून ताशी १५ मैलांपेक्षा, म्हणजे सुमारे २४ किलोमीटरपेक्षा, अधिक वेगाने जाऊ नये आणि एकूण वेग ताशी ५० मैलांच्या आत असावा. मोटारसायकलस्वारांच्या संघटनांना ही मर्यादा मान्य नव्हती. अखेर आकडे गळाले आणि ऑगस्ट २०१६ मध्ये गव्हर्नर जेरी ब्राऊन यांच्या सहीने जो कायदा झाला त्यात फक्त त्या कृतीची व्याख्या व सूचना करण्याचा पोलिसांचा अधिकार एवढेच उरले.

या वादात दोन्ही बाजूंनी ज्या अभ्यासाचा दाखला देण्यात आला तो बर्कली येथील विद्यापीठाचा. २०१२-१३ मध्ये अपघातात सापडलेल्या ५,९६९ मोटारसायकलस्वारांच्या नोंदी त्यात तपासल्या गेल्या. त्यांपैकी ९९७ जण अपघातसमयी दोन रांगांमधून जात होते. या ९९७ जणांत डोक्याला इजा झालेले ९ टक्के, इतरांत १७ टक्के. मृत्यू पावलेले यांच्यात १.२ टक्के, इतरांत ३ टक्के. समर्थकांनी हे आकडे झेंड्यासारखे नाचवले. पण अभ्यासकांनी स्वतःच त्यावर मर्यादा घातली होती. फटीतून जाणारे हे बहुतांशी रोज कामावर जाणारे लोक होते, त्यांचे शिरस्त्राण चांगले होते, मद्य घेतलेल्यांचे प्रमाण त्यांच्यात कमी होते. शिवाय एकूण किती जण किती काळ असे जातात याची मोजदाद नसल्याने, फटीतून गेल्याने अपघाताची शक्यता घटते की वाढते हे त्या आकड्यांवरून ठरवता येत नाही. ठरते ते एवढेच की, वाहतूक संथ असेल आणि दुचाकीचा वेग इतरांपेक्षा ताशी १५ मैलांहून अधिक नसेल तर इजेचे प्रमाण वाढत नाही. म्हणजे कायद्यातून जो आकडा गाळण्यात आला, तोच या अभ्यासाचा गाभा होता!

इतरांनी अधिक सावध पावले टाकली. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्सने जुलै २०१४ पासून ताशी ३० किलोमीटरपर्यंतच मोकळीक दिली. पदपथालगत, उभ्या केलेल्या गाड्यांलगत व शाळेच्या परिसरात ती नाही, आणि शिकाऊ चालकाला तर मुळीच नाही. अमेरिकेत यूटा राज्याने २०१९ मध्ये पुढची वाहने पूर्ण थांबलेली असतील तरच परवानगी दिली. ओरेगॉनमध्ये २०२१ साली विधिमंडळाने मंजूर केलेले विधेयक गव्हर्नर केट ब्राऊन यांनी नाकारले. फ्रान्सने २०१६ पासून निवडक भागांत प्रयोग केला, मध्यंतरी तो थांबवला, पुन्हा सुरू केला आणि जानेवारी २०२५ मध्ये दुभाजक असलेल्या मोठ्या रस्त्यांपुरता कायम केला, तोही ताशी ५० किलोमीटरच्या आत. या साऱ्यात आपण उचलण्यासारखी एक गोष्ट आहे. रूढी आणि कायदा यांत अंतर पडले की त्या अंतराचा निकाल चर्चेने लावायचा असतो, ते अंतर शिपायाच्या मर्जीवर सोडायचे नसते.

आपल्याकडे ते मर्जीवर सोडलेले आहे. २०१७ च्या वाहनचालन विनियमांना मार्गिकेची शिस्त अभिप्रेत आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनियमभंगाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७-अ अन्वये पाचशे ते एक हजार रुपये दंड आहे. ज्या रस्त्यावर मार्गिकेचे पट्टेच पुसले गेले आहेत तेथे ही शिस्त कोणी व कशी पाळावी? रोज लाखो माणसे जे करतात त्याला नियमभंग ठरवून ठेवायचे आणि मग वसुलीचे उद्दिष्ट अपुरे पडेल त्या दिवशी त्यांतल्या कोणालाही बाजूला घ्यायचे, या व्यवस्थेला कायद्याचे राज्य म्हणणे धाडसाचे आहे.

आणि ही माणसे कोण आहेत? कॅलिफोर्नियात मोटारसायकल हे बव्हंशी हौसेचे किंवा निवडीचे वाहन आहे. आपल्याकडे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे सुमारे निम्म्या कुटुंबांकडे दुचाकी आहे. मोटार मात्र सुमारे आठ टक्के कुटुंबांकडे. रस्त्याचा बहुतेक भाग ही आठ टक्क्यांची मालमत्ता अडवून उभी राहते आणि उरलेल्या फटीतून निम्मा देश वाट काढतो, ही केवळ वाहतुकीची बाब नव्हे. मुंबईत तर फटही नाही. वांद्रे-वरळी सागरी सेतू, सागरी किनारा मार्ग, जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला अटल सेतू, या तिन्हींवर दुचाकीला प्रवेश नाही. कारण सुरक्षिततेचे सांगितले जाते. त्यात तथ्य नाही असे नाही. समुद्रावरचा वारा आणि मोटारींचा वेग दोन्ही खरे आहेत. पण सुरक्षिततेचा विचार नेहमी गरिबाला वगळूनच का पुरा होतो, हा प्रश्न विचारायलाच हवा.

त्यात आता घरपोच सामान नेणाऱ्या तरुणांची भर पडली आहे. त्यांच्या कंपन्या त्यांना कामगार म्हणत नाहीत, भागीदार म्हणतात. गाडी भागीदाराची, इंधन भागीदाराचे, दर खेपेचा मोबदला कंपनी ठरवणार आणि तो केव्हाही बदलणार. ‘दहा मिनिटांत घरपोच’ अशी जाहिरात याच कंपन्यांनी केली. ती दहा मिनिटे रस्त्यावर कोठून काढायची हे त्यांनी सांगितले नाही. ती त्या फटीतूनच निघतात. चालकाला आपण बेशिस्त म्हणतो, पण ज्या मोबदल्याच्या पद्धतीने त्याला त्या फटीत ढकलले तिच्या नावाने कधी पावती फाडली जात नाही.

येथवर वाचून काही साथींना वाटेल की, मग फटीतून जाणे सरसकट मोकळे करावे, ही श्रमिकांच्या बाजूची भूमिका होईल. माझे तसे मत नाही. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांत ७४,८९७ दुचाकीवरची होती. सरकारी वर्गवारीत सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यूंचे कारण अतिवेग दिलेले आहे. मोकळीक वेगाला देता येणार नाही. पण याहून मोठी अडचण वेगळीच आहे. आपल्याकडे फट दोन मोटारींमधलीच असते असे नाही. पुष्कळदा ती बस आणि पदपथ यांच्यामधली असते. थांब्यापासून चार हात दूर उभ्या राहिलेल्या बसमधून हातात पिशवी आणि काखेत मूल घेऊन उतरणारी बाई पहिले पाऊल नेमके त्या फटीत टाकते. तिच्याकडे ना दुचाकी आहे ना मोटार. दुचाकीस्वाराला मोटारवाल्यापासून जे संरक्षण आपण मागतो, तेच तिला दुचाकीस्वारापासून मागावे लागते. कमकुवतांमध्येही एक उतरंड असते आणि पक्षाने ती डोळ्यांआड करता कामा नये. चालत शाळेला जाणारी मुले, हातगाडीवाला, सायकलवर कामाला जाणारा वॉचमन हे त्या उतरंडीच्या तळाशी आहेत.

तेव्हा मागणी नेमकी असावी. वाहतूक थांबलेली किंवा रांगत असेल तेव्हा ताशी तीसच्या आत, मोटारींच्या रांगांमधून जाण्यास विनियमांत स्पष्ट मुभा द्यावी. बसच्या डाव्या अंगाने, पदपथालगत, शाळा व रुग्णालयांजवळ ती नसावी आणि तेथे दंड खरोखर व्हावा. तैवानमध्ये व बार्सिलोनासारख्या शहरात सिग्नलच्या थांबरेषेपाशी मोटारींच्या पुढे दुचाकींसाठी चौकट आखलेली असते, तशी आपल्या चौकांत आखावी. रंगाच्या डब्याखेरीज त्याला फारसा खर्च नाही. कलम ११८ खालील विनियम करण्याचा अधिकार केंद्राचा असल्यामुळे हे निवेदन दिल्लीला गेले पाहिजे. बसथांब्याची, पदपथाची व चौकटीची मागणी मात्र महापालिकेच्या दारातच करावी लागेल. घरपोच सेवेत वेळेवर बांधलेला मोबदला रद्द करण्याची मागणी यापासून वेगळी काढू नये. ती काढली तर मोकळीक चालकाला मिळेल आणि तिचा नफा कंपनीला.

बसचा प्रश्न तर सगळ्याच्या मुळाशी आहे. सायकलींचे म्हणून ओळखले जाणारे पुणे दुचाकींचे झाले ते काही पुणेकरांना वेगाचे वेड लागले म्हणून नव्हे. बस वेळेवर येत नाही हे कळल्यावर माणसाने हप्त्याने स्कूटर घेतली. मुंबईत बेस्टचा स्वतःच्या मालकीचा ताफा आटत गेला आणि कंत्राटी गाड्या वाढत गेल्या, तेव्हाही तेच झाले. हा इतिहास माहीत असलेल्या आपल्या काही मित्रांचा आक्षेप आहे की, दुचाकीला सोय करून देणे म्हणजे बसच्या मागणीतली हवा काढून घेणे. आक्षेप गंभीर आहे. परंतु बस येईल त्या दिवसापर्यंत कामाला जाणाऱ्याने पावती भरत राहावे, हे त्याला कोणत्या तोंडाने सांगायचे? बस कामगारांच्या आणि घरपोच सेवेतील चालकांच्या संघटना आजवर एका बैठकीत बसल्याचे माझ्या पाहण्यात नाही. रस्त्यावर मात्र त्या रोज एकमेकींना खेटून उभ्या असतात. जिल्हा शाखांनी पुढच्या महिन्यात अशी एक बैठक बोलवावी आणि बसच्या डाव्या अंगाचा प्रश्न तीत सर्वांत आधी घ्यावा, कारण मतभेद तेथेच होणार आहेत.