परिचारिकेचे अश्रू : एक अधारणीय वेग

चिकित्सेच्या चतुष्पादांत वैद्य, औषधद्रव्य, परिचारक आणि रुग्ण या चौघांना चरकाचार्यांनी स्थान दिले, हे आपणां सर्वांस विद्यार्थिदशेपासून ज्ञात आहे. उपचारज्ञता, दाक्ष्य, रुग्णाविषयी अनुराग आणि शौच हे परिचारकाचे चार गुण आपण पाठ केले, परीक्षेत लिहिले. परंतु या तिसऱ्या पादाला निद्रा येते काय, अन्न रुचते काय, याची विचारपूस आपण क्वचितच करतो. व्याधी बरी होणार नाही हे निश्चित झाल्यावर रुग्णाच्या वेदना कमी करून उरलेले दिवस सुसह्य करणे, म्हणजेच उपशामक शुश्रूषा. ती करणाऱ्या परिचारिकांच्या मनःस्वास्थ्याविषयी आम्ही येथे काही निवेदन करू इच्छितो.

आमच्या शिरूर अनंतपाळ परिसरातील कर्करोगाचा रुग्ण लातूरला जातो, कधी बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयात जातो. उपचार थकले की तो गावी परततो. मग वैद्याला बोलावणे येते. वैद्य नाडी पाहतो, व्याधी असाध्य असल्याचे नातलगांना हळू आवाजात सांगतो आणि उठतो. परिचारिका मात्र तेथेच राहते. व्रण धुणे, कूस बदलणे, मलमूत्र स्वच्छ करणे हे सर्व ती करते. दारातच नातलगांनी तिला बजावलेले असते, “त्यांना काही सांगू नका.” आणि आत गेल्यावर रुग्ण विचारतो, “सिस्टर, मी बरा होईन ना?” योग्य काय ते कळते, पण परिस्थिती तसे वागू देत नाही, या अवस्थेला अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ साली परिचर्येच्या नीतिविचारात स्वतंत्र नाव दिले. मराठीत त्यास नैतिक क्लेश म्हणता येईल. रुग्ण दगावला की चादर बदलते, त्या खाटेवर दुसरा रुग्ण येतो. रडण्यास वेळ कोठे आहे?

काही वर्षांपूर्वी अशीच एक परिचारिका अनिद्रा, अरुची आणि भ्रम या तक्रारी घेऊन आमच्याकडे आली. आम्ही नाडी पाहिली, जिव्हा पाहिली, रात्री दुधातून अश्वगंधा चूर्ण घेण्यास सांगितले. दुसऱ्या वेळी मात्रा वाढविली. तिसऱ्या वेळी तीच म्हणाली, “या महिन्यात माझ्या हातून पाच जण गेले.” एवढे बोलून ती बराच वेळ रडली. त्या रात्री झोप लागल्याचे तिने पुढे सांगितले. चूर्ण तेच होते. आम्ही दोन भेटींत एकही प्रश्न विचारला नव्हता, याची आम्हांस आजही लाज वाटते.

वास्तविक उत्तर आपल्या ग्रंथातच होते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, सातव्या अध्यायात, तेरा अधारणीय वेग सांगितले आहेत. त्यांत बाष्प, म्हणजे अश्रू, आहेत. ते अडविल्यास प्रतिश्याय, नेत्ररोग, हृद्रोग, अरुची व भ्रम होतात असे तेथे म्हटले आहे. उपाय म्हणून निद्रा आणि प्रिय कथा सांगितल्या आहेत. (मद्याचाही उल्लेख आहे, तो आज कोणी सुचवू नये.) त्याच अध्यायात शोक, भय आणि अतिराग हे मात्र धारणीय वेग म्हटले आहेत. यात आम्हांस विसंगती दिसत नाही. शोकाने बुद्धीचा ताबा घेऊ नये, परंतु डोळ्यांत आलेले पाणी गिळू नये. आपल्या रुग्णालयांची रीत नेमकी उलटी आहे. तेथे अश्रू दाबले जातात आणि शोक आत वाढत राहतो.

आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. वैद्यवृत्ती चतुर्विध आहे : मैत्री, कारुण्य, साध्य रोग्याविषयी प्रीती आणि प्रकृतिस्थ, म्हणजे टीकाकारांच्या मते मरणोन्मुख, रोग्याविषयी उपेक्षा. वैद्याला तटस्थतेची अनुज्ञा मिळाली. परिचारिकेच्या वाट्याला अनुराग तेवढा आला.

तो अनुराग किती टिकू शकतो, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग २७ नोव्हेंबर १९७३ रोजी झालेल्या हल्ल्यानंतर कधीच पूर्ववत झाल्या नाहीत. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत, साडेएक्केचाळीस वर्षे, तेथील परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांना जपले. २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या शुश्रूषेचा गौरव केला. आमच्या मते ही सेवा इतकी दीर्घ टिकली, कारण ती अनेक हातांत विभागलेली होती आणि अखेरचे दुःखही सर्वांचे होते. खेड्यात घरोघरी जाणारी परिचारिका एकटी असते.

“ही सेवाच आहे, तिने ती स्वेच्छेने पत्करली,” असे कोणी म्हणेल. सेवा म्हटल्याने थकवा नाहीसा होत नाही. उलट तो बोलून दाखविण्याची तिला चोरी होते.

म्हणून वैद्यबंधू-भगिनींस आमची विनंती अशी. असाध्यता सांगावयाची झाल्यास परिचारिकेसमक्ष नातलगांना आपणच स्पष्ट सांगावे आणि रुग्णाला काय सांगावयाचे, हेही त्याच वेळी ठरवावे. रुग्ण गेल्यावर आठ दिवसांच्या आत तिच्याजवळ घटकाभर बसावे. प्रिय कथा ती हीच. ज्यांचे स्वतःचे रुग्णालय आहे, त्यांनी मृत्यूनंतर लगेच तिला सलग रात्रपाळ्या देऊ नयेत. निराशा हटत नसेल अथवा जीव नकोसा झाल्याची भाषा ऐकू आली, तर चूर्णावर विसंबू नये. मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवावे. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांकही तिला द्यावा.

औषधविक्रेत्यांस थोडे कटू वाटले तरी सांगणे भाग आहे. कर्करोग बरा करण्याचा दावा करणाऱ्या औषधाच्या जाहिरातीस १९५४ च्या कायद्यानेच मनाई आहे. तरीही अशी बाटली विकली जाते. तिचा पैसा दुकानात राहतो, पण आशा मोडते तेव्हा नातलगांचा रोष खाटेजवळ उभ्या असलेल्या परिचारिकेला सोसावा लागतो.

आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या सेवांत उपशामक शुश्रूषेचा समावेश आहे आणि महाराष्ट्रात तेथील समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांत आपले आयुर्वेद पदवीधर मोठ्या संख्येने आहेत. तेव्हा हा प्रश्न आता परक्याचा राहिलेला नाही. आपल्या पुढील संमेलनातील एक सत्र परिचारिकांना द्यावे, त्यांनी बोलावे आणि वैद्यांनी केवळ ऐकावे, अशी आमची नम्र सूचना आहे.