पणजोबांना मध चालत नाही

पितृपंधरवडा लागला की आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पूर्वजांना उधाण येतं. यंदा इंदूरच्या चुलतभावानं कहर केला. पणजोबांचा फोटो कुणाकडेच नाही, म्हणून त्यानं एआयकडून करवून घेतला. पिळदार मिशा, छातीभर पदकं, मागे तोफांचा धूर. थेट सिनेमातले बाजीराव! पणजोबा पायदळात साधे शिपाई होते आणि खाकीत होते, एवढंच मी लिहिलं. तर म्हणे, "दादा, तुम्हाला सगळ्यातच खोट दिसते." दिसते. त्यावरच तर हे सदर चाललंय.

१९१४ साली महायुद्ध पेटलं तेव्हा ग्वाल्हेर संस्थानानं इंग्रजांना सैन्य दिलं. माधवराव महाराजांनी 'लॉयल्टी' हे इस्पितळ-जहाज उभं केलं. तिसऱ्या ग्वाल्हेर पायदळाची अर्धी पलटण पूर्व आफ्रिकेच्या मोहिमेवर गेली, त्यात पणजोबा. नोव्हेंबरात टांगा बंदरावर (आजचा टांझानिया) इंग्रजांच्या सुमारे आठ हजारांच्या फौजेला हजारभर जर्मन आणि अस्करी (आफ्रिकी) शिपायांनी पिटाळून लावलं. गोळीबारानं झाडांवरची पोळी उठली आणि मधमाश्या माणसांवर तुटून पडल्या. माश्या जर्मनांनी शिकवून ठेवल्या होत्या, अशीही कंडी पुढे पिकली.

ग्वाल्हेरच्या दौलतगंजात परतल्यावर पणजोबांनी तोफा, समुद्र, हबशी मुलूख, कशाचंच नाव काढलं नाही. पोरं जमली की फक्त माश्या. बाही वर सारून दंडावरचा डाग दाखवायचे. तो देवीच्या लशीचा, असं आजीचं ठाम मत. पुस्तकांतही डंखांचा मान अठ्ठ्याण्णवाव्या पलटणीला आणि लँकेशायरच्या गोऱ्यांना आहे. पण हे पणजोबांना कोण सांगणार?

त्यांनी घरात मध बंद केला तो केलाच. सत्यनारायणाच्या पंचामृतात आमच्याकडे चारच वस्तू. कसर साखरेनं भरून काढायची. वैद्यांनी चूर्ण मधातून घ्या म्हटलं की आजी मान डोलवायची आणि तुपातून द्यायची. खोकल्याला आल्याचा रस, तोही गुळाबरोबर. माझ्या लहानपणी मध म्हणजे दुसऱ्यांच्या घरी खायची चीज होती. मुंजीच्या पंगतीतून मी एकदा बोट चाटत आलो, तर आजीनं वास घेऊन ओळखलं.

खरी पंचाईत श्राद्धाची. तिथे मध हवाच. गुरुजी पिंड मळताना दरवर्षी हात पुढे करतात आणि काकू दरवर्षी त्या हातावर गूळ ठेवतात.

"अहो, त्यांना जाऊन किती वर्षं झाली!"

"गेले म्हणून का आवडीनिवडी बदलतात?"

मग गुरुजी मधाचं गुणगान करणाऱ्या ऋचा जरा जास्तच मोठ्यानं म्हणतात. काकूंना ऐकू कमी येतं, असा त्यांचा समज आहे. काकूंनी तो तसाच राहू दिलाय.

यंदा पुण्याहून आलेल्या नव्या सूनबाईंनी महाबळेश्वरच्या मधाची बाटली आणली. बिचारीला काय माहीत! काकूंनी ती उजेडात धरून पाहिली, "रंग छान आहे गं" म्हणाल्या आणि जिन्याखालच्या फडताळात फिनाइलशेजारी ठेवली. श्राद्ध उरकल्यावर दक्षिणेबरोबर गुरुजींच्या हातात दिली. एवढी वर्षं भांडून मध अखेर मिळाला, पण पिंडाला नाही, गुरुजींना. घासाघीस न करता त्यांनी पिशवीत टाकला.