उणे सबसिडी मोजायला पट्टी पुरे



2018 साली आपले दोन हिशेब निघाले. अमेरिकेने जागतिक व्यापार संघटनेत सांगितले, हिंदुस्थानातल्या कापूसवाल्याला मालाच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त सबसिडी मिळते. त्याच साली श्रीमंत देशांच्या ओईसीडीने दिल्लीच्या इक्रिअरबरोबर सगळ्या शेतीचा हिशेब मांडला. 2000-01 ते 2016-17 या काळात शेतकऱ्याला मिळालेला आधार सरासरी उणे 14 टक्के! म्हणजे दिले काहीच नाही, उलट काढून घेतले.

मग अमेरिकेची सबसिडी आली कुठून? संघटनेच्या सूत्रात आजचा हमीभाव 1986-88 च्या गोठवलेल्या भावाशी ताडतात. त्या मापाने हॉटेलातला चहासुद्धा सबसिडीचाच ठरेल.

सरकारी पंडित म्हणतात, पुरेशी आकडेवारी नाही, नक्की सांगता येत नाही. आम्ही म्हणतो, जेवढी आहे तेवढी मांडा. क्विंटलभर कापसातून साधारण 34 किलो रुई निघते, बाकी सरकी आणि थोडी घट. रुईचा परदेशी भाव वर्तमानपत्रात येतो, सेंट आणि पौंडात. त्याचे किलोमागे रुपये करा, 34 ने गुणा, सरकीची किंमत मिळवा. त्यातून जिनिंग-प्रेसिंग, बंदरापर्यंतचे भाडे आणि व्यापाऱ्याचा रास्त नफा वजा करा. उरतो तो तुमचा भाव. तुमची पट्टी त्याच्या शेजारी ठेवा. दोन-चार टक्के इकडेतिकडे होतील. रुईचा उतारा गावोगाव वेगळा, हे आम्हालाही कळते. पण खड्डा केवढा ते दिसतेच.

आणि खड्डा पाडतो कोण? एप्रिल 2010 मध्ये कापसाची निर्यात रोखली. 5 मार्च 2012 ला पुन्हा बंदी. ओरड झाली तेव्हा आठवड्यात सैल केली. ऑगस्ट 2025 मध्ये कापूस शेतात उभा असताना आयातीवरचा 11 टक्के कर काढला, आधी सप्टेंबरअखेर, मग डिसेंबरअखेरपर्यंत. नेमका आपला माल बाजारात येण्याचा काळ! भाव चढला की बंदी आणि पडला की खुला बाजार, हे पेरतानाच ठाऊक असेल तर शेणखताची जादा गाडी कोण टाकील?

ज्वारीचा हिशेब अवघड. तिला बंदरभाव शोधायचा कुठे? तिथे रेशनच्या स्वस्त गव्हाशी भाव ताडावा लागेल. पीएल-480 चा गहू 1956 च्या करारानंतर आला तेव्हापासूनचे हे दुखणे आहे. त्यावर पुढच्या अंकात.

जिल्हा बैठकीला येताना गेल्या तीन हंगामांच्या कापसाच्या पट्ट्या आणा. तारीख वाचता आली पाहिजे. भाड्याची पावती असेल तर तीही.