पर्यवेक्षकाचा हस्तक्षेप कितपत?

नोकरीसाठी मुंबई-पुण्याची वाट धरणे महाड-पोलादपूरच्या तरुणांना नवे नाही. नेटवर्किंगचे क्षेत्र निवडणाऱ्यांची वाट मात्र आणखी लांबते. सिस्को कंपनीच्या ‘सीसीआयई’ प्रमाणपत्राची लेखी परीक्षा घरून, कॅमेऱ्यासमोर देता येते; प्रात्यक्षिकाचे भारतातील कायमस्वरूपी केंद्र बंगळुरूत आहे. ही परीक्षा 8 तासांची. 2020 पासून आराखड्यासाठी 3 आणि प्रत्यक्ष उभारणी, देखभाल व सुधारणेसाठी 5 तास अशी तिची विभागणी झाली.

प्रश्नाची भाषा स्पष्ट करावी, यंत्रणेतील बिघाड पाहावा, एवढेच पर्यवेक्षकाकडून अपेक्षित असते. पंचाईत होते ती बिघाडाच्याच वेळी. राउटर प्रतिसाद देईनासा झाला, तर दोष यंत्रणेचा की परीक्षार्थीने दिलेल्या चुकीच्या आज्ञेचा? ‘यंत्रणा ठीक आहे’ एवढे म्हणणे हीदेखील एक सूचनाच. चूक तुमची, असा तिचा अर्थ. आणि हे उत्तर चुकीचे निघाले, तर नसलेली चूक शोधण्यात परीक्षार्थीची मोलाची मिनिटे जातात. घरून दिलेल्या परीक्षेत तर प्रश्न पुटपुटत वाचला तरी पर्यवेक्षक हटकतो. पोलादपुरात पावसाळ्यात वीज गेली, तर हटकायलाही कोणी उरत नाही!

पर्यवेक्षक नकोच, असे कोणी म्हणणार नाही. तोतयांना आळा घालायला तो हवाच. परंतु प्रत्येक हस्तक्षेपाची वेळ व कारण यांची लेखी नोंद व्हावी, तिची प्रत परीक्षार्थीला मिळावी आणि गेलेली मिनिटे भरून द्यावीत, ही अपेक्षा अवाजवी नाही. अनुत्तीर्ण झालेल्याला शुल्क पुन्हा भरावे लागते. बंगळुरूची खेपही पुन्हा करावी लागते.